औषध तारापूरचं, कैदी पालघरचा

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिनही त्यात आहे. त्याच पालघरच्या आदिवासी, दलित तरुणाला अटक झाली की त्याची रवानगी होते ठाण्याच्या तुरुंगात. 2014 ला जिल्हा वेगळा झाला, तुरुंग मात्र ठाण्याचाच राहिला. 1,105 कैद्यांच्या जागेत तिथे तिप्पट-चौपट माणसं कोंडली गेली. हवेतून पसरणाऱ्या क्षयाला आणखी काय हवं?

तुरुंग आणि रोगाचं नातं जुनं आहे. जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस हाफकिन यांनी आधी स्वतःला टोचली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. कोंडलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हे कुणी विचारलं?

पुढे प्रतिजैविकं आली. पण क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने, खंड न पडता घ्याव्या लागतात. मध्येच सुटल्या की औषधाला दाद न देणारे जंतू उरतात आणि वाढतात. कैद्याचं आयुष्य म्हणजे कोठडी, तुरुंगबदली, तारीख, जामीन. प्रत्येक टप्प्यावर गोळ्या सुटू शकतात. 1990 च्या दशकात रशियाच्या तुरुंगांत हेच झालं. कैदी सुटले आणि औषधाला न जुमानणारा क्षय वस्त्यांत पोहोचला. मुंबईत 2011 मध्ये हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. भिंतीबाहेरही अर्धवट उपचारांची हीच किंमत मोजावी लागते.

आत कोण आहे? 2022 अखेर देशातल्या चारपैकी तीन कैद्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. दलितांचं प्रमाण तिथे लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. संडास कुणी साफ करायचे, हेही तुरुंगाच्या नियमावल्या जातीवरून ठरवत होत्या. ते नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले 3 ऑक्टोबर 2024 ला, म्हणजे संविधान लागू होऊन 74 वर्षांनी!

कोर्टाने शिक्षा दिलीच तर ती कैदेची असते, क्षयाची नाही. बाबासाहेबांच्या संविधानातलं कलम 21 तुरुंगाच्या दारात थांबत नाही. म्हणून आपण माहिती अधिकारात विचारलं पाहिजे: दाखल होताना किती कैद्यांची क्षयतपासणी झाली? किती जणांमध्ये औषधप्रतिरोध आढळला? बदली किंवा जामीन झाल्यावर किती जणांचे उपचार पूर्ण झाले? हे आकडे मिळेपर्यंत अर्ज थांबवायचे नाहीत.

जय भीम!