बोटांचा ठसा जुळत नाही तेव्हा

हातावर पोट म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या हिवरखेडच्या शिवारात कापसाची वेचणी आजही हातानेच होते आणि मजुरी किलोवर मिळते. वेचताना बोंडाची वाळलेली टोकं दिवसभर बोटांना टोचतात. टोचलेलं कळतं, म्हणून माणूस हात जपतो. ज्याला ते कळतच नाही, त्याचं काय?

कुष्ठरोगात नेमकं हेच होतं. रोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. कोपराजवळची नस सुजली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मग दोन्ही आत वाकतात. चुलीचा चटका कळत नाही, काटा कळत नाही. जखमा चिघळत राहतात आणि बोटं झिजत जातात. रोगाने बोटं गळून पडतात, ही नुसती ऐकीव गोष्ट.

पण लोकांनी हा रोग ओळखला तो हातावरूनच. म्हणून हात लपवायचा: पदराखाली, शालीखाली, खिशात. पंगतीला जायचं नाही, कोणाच्या हाती पाणी द्यायचं नाही. १८९८ च्या कायद्यानुसार भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबता येत होतं. घर आधीच सुटलेलं आणि बाहेर सरकार उभं. अशा माणसाच्या मनावर काय परिणाम होत असेल, याची नोंद कुठल्या केसपेपरवर होत नव्हती.

१९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव, म्हणजे दाजीसाहेब पटवर्धन यांनी अमरावतीत तपोवन उभं केलं. दाजीसाहेब डॉक्टर होते आणि स्वातंत्र्यसैनिकही. तपोवनात औषधाइतकंच महत्त्व कामाला होतं. शेती, सुतारकाम, विणकाम. ज्या हातांना गाव शिवत नव्हतं, त्याच हातांनी केलेल्या वस्तू बाजारात जाऊ लागल्या. मला हा उपचाराचाच भाग वाटतो. आपला हात कोणाच्या तरी उपयोगी पडतो, हे कळणं मनासाठी मोठं औषध आहे.

त्याच सुमारास तिकडे तमिळनाडूत, वेल्लोरला, डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वाकलेली बोटं सरळ करत होते. हातातला चांगला स्नायुबंध सोडवायचा आणि लुळ्या पडलेल्या स्नायूचं काम त्याच्याकडे द्यायचं, अशी ही शस्त्रक्रिया. ती यशस्वी झाली, पण एक रुग्ण तक्रार घेऊन परत आला: या हातांकडे बघून कोणी भीक घालत नाही, आणि काम तर कोणीच देत नाही! बोटं सरळ झाली तरी जगण्याचा प्रश्न तसाच होता. मग ब्रँड यांनी रुग्णांना हातकाम शिकवणारं केंद्र सुरू केलं. अमरावती आणि वेल्लोर वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले होते.

पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. ६ किंवा १२ महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण मेलेली नस गोळीने परत येत नाही. रोग जातो, हात तसाच राहतो, आणि लोक हात बघून अजूनही रोगच वाचतात. कायद्यालाही वेळ लागला. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते तर २०१९ मध्ये.

आता माझ्या धंद्याकडे येतो. आपण बोट टेकवून फोन उघडतो, तसंच बोट टेकवून रेशन आणि पेन्शन मिळते. झिजलेल्या बोटाला ठसाच नसतो. मशीन म्हणतं, 'ठसा जुळला नाही'. ज्याने आयुष्यभर हात लपवला, त्याला आता तोच हात भर रांगेत तीनतीनदा पुढे करावा लागतो. डोळ्याचं स्कॅन, चेहरा, ओटीपी असे पर्याय आहेत. पण ते रांगेतल्या माणसाला कोणी सांगितले तर उपयोग. ठसा जुळला नाही, ही ओळ माझ्यासारखाच कोणीतरी इंजिनिअर लिहितो. तिच्याखाली 'दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवा' असं एक बटन ठळक देणं, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.