सकळ लिपी आणि कुलपाची किल्ली

मंडळी, गुप्त लिखाण म्हटले की आपल्याला हेर आणि संगणक आठवतात. पण मराठीत हा उद्योग साडेसहाशे वर्षांचा जुना आहे. माहूर आमच्या पुसेगावच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात. तिथे ज्यांचे मोठे क्षेत्र आहे, त्या महानुभाव पंथाने चौदाव्या शतकात आपल्या पोथ्या सकळ लिपीत उतरवायला सुरुवात केली. ग्रंथ भलत्या हाती पडू नयेत, त्यात भेसळ होऊ नये, हा हेतू.

युक्ती साधी. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण. पोरे 'च'ची भाषा बोलतात ('नको'चे 'चकोन', 'पाणी'चे 'चाणीप'), तिथे नियम कळला की सगळे उघड. सकळ लिपीत नियम कळून भागत नाही, अक्षरांचा तक्ता हवा. तो तक्ता म्हणजे किल्ली.

पण किल्ली एकच! 'क'ची खूण पहिल्या पानावर जी, तीच शंभर वर्षांनंतरच्या पोथीत. अशा लिपीत कोणती खूण किती वेळा येते हे मोजत गेले की धागा सापडतो. ही रीत अरब विद्वान अल-किंदी यांनी नवव्या शतकातच लिहून ठेवली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि या लिपीतल्या साऱ्या पोथ्या अभ्यासकांना एकदमच खुल्या झाल्या.

आता नवे कुलूप बघा. अमेरिकेने १९७७ साली 'डीईएस' पद्धत प्रमाण ठरवली. मजकुराचे ६४ बिटांचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळा १६ फेऱ्यांत घुसळायचा. दर फेरीला वेगळी पोटकिल्ली, ४८ बिटांची. या सोळाही ५६ बिटांच्या मूळ किल्लीतूनच निघतात. या वाटणीला 'की शेड्यूल' म्हणतात. गंमत अशी की चार मूळ किल्ल्यांतून सोळाही पोटकिल्ल्या सारख्याच निघतात, म्हणजे पुन्हा सकळ लिपीचाच दोष! अशा किल्लीने दोनदा कुलूप लावले की ते उघडते. म्हणून कुलूप तपासणारे आधी ही वाटणी तपासतात. डीईएस शेवटी हरले ते किल्ली आखूड म्हणून. १९९८ मध्ये एका खास यंत्राने एकेक किल्ली लावून पाहत ५६ तासांत ती शोधली. २००१ मध्ये आलेल्या 'एईएस'ची किल्ली निदान १२८ बिटांची असते. ती अशी लावून पाहणे आजच्या कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही.

हे चांगलेच झाले. पण मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक वाटते. सकळ लिपीचे कुलूप कच्चे होते, म्हणूनच तेराव्या शतकातले आपले मराठी गद्य, लीळाचरित्रासारखे ग्रंथ, मठाबाहेर सर्वांपर्यंत पोचले. आज फोनमध्ये बंद असलेल्या पत्रांची किल्ली हरवली, तर कोणी राजवाडे पुरे पडणार नाहीत.

तेव्हा नातवंडांनो, पैशाला पक्के कुलूप लावा. पण घरच्या आठवणी साध्या वहीत, उघड्या नागरी लिपीत लिहून ठेवा. असो.