उकिरडा

आमच्या घरामागं उकिरडा होता, आजोबाच्याही आधीपासूनचा. शेण, चुलीतली राख, गुरांनी टाकलेली चिपाडं, भाजीची देठं असं जे काही नकोसं व्हायचं ते आई टोपल्यात भरून तिथं टाकायची. उन्हाळ्यात तोच उकिरडा बैलगाडीनं शेतात जायचा. टाकलेलं वर्षाच्या आत भाकरी होऊन घरी यायचं.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा दुकानदार डाळ, साखर रद्दीच्या पुड्यात बांधून द्यायचा. पुडा सोडला की आजी दोरा गुंडाळून देवळीत ठेवायची. गोडतेलाला घरची बाटली न्यावी लागायची. विसरलो तर हात हलवत माघारी. लुगडं विरलं की गोधडीत, गोधडी विरली की तिची फडकी. यात आमचं फार शहाणपण होतं असं नाही. पैसाच नव्हता.

लग्नकार्याला पळसाच्या पत्रावळ्या. पोरं माळावरनं पानं आणायची, म्हातारी माणसं ओसरीवर बसून हिरांनी पत्रावळ्या लावायची. पाण्याला गावकीचे तांबे. वर्गणीतून घेतलेले, गावाचं नाव घातलेले, मारुतीच्या देवळात कुलपात ठेवलेले. मोजून न्यायचे, घासून, मोजून परत. पंगत उठली की पत्रावळ्या खरकट्यासकट उकिरड्यावर. खरकटं जनावरं खायची, उरलेलं पावसाळ्यात कुजायचं.

नव्वदनंतर कॅरीबॅग आली, मागोमाग थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास. 2006 साली थोरल्या लेकीच्या लग्नाला मी तालुक्याहून तीच आणली. घासायला नको, मोजायला नको, वर शहरासारखं दिसतं. छाती फुगली होती माझी. दुसऱ्या दिवशी सगळं उकिरड्यावर टाकलं. आजवर तेच करत आलो होतो की!

त्याच साली दिवाळीनंतर आमची दुभती म्हैस रवंथ करायची थांबली. पोट फुगलं. डॉक्टर आले, औषधं झाली, पण चौथ्या दिवशी गेली. पोट फाडल्यावर आतनं पिशव्यांचा आवळून बसलेला गोळा निघाला. खरकट्याच्या वासानं ती पिशवीसकट गिळत होती. ती पुढं सरकत नाही आणि कुजतही नाही. म्हशीचं रेडकू दावणीला ओरडत होतं, बायको माझ्याकडं बघत होती. बोलली काहीच नाही.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली. टाकायची सवय आमची जुनीच होती. बदलली होती ती टाकायची वस्तू.

23 मार्च 2018 ला सरकारनं राज्यात प्लास्टिकबंदी काढली. दुकानदार काही दिवस दंडाला भ्याले, मग पिशव्या गल्ल्याखालनं निघू लागल्या. आमच्या घरात बदल झाला तो बायकोमुळं. जुन्या पँटींच्या पिशव्या शिवून तिनं दाराच्या खुंटीला अडकवल्या. मटणाला स्टीलचा डबा, तेलाला कॅन. पिशवी विसरलो तर धोतराच्या सोग्यात भाजी घेऊन येतो. लोक हसतात, हसू देत.

नातवाच्या जावळाला मी गावकीची भांडी काढायचं म्हणालो, तर सुनेनं विचारलं, "मामा, घासायची कुणी?" प्रश्न खरा होता. आमच्या जुन्या काळाचं कौतुक आम्ही पुरुषांनी केलं, पण दीडदोनशे तांबे हौदावर बसून घासले ते बायकांनी. त्या दिवशी वाढप्या पोरांनी आणि मी मिळून भांडी घासली. कंबर दोन दिवस धरली होती. पण त्या रात्री उकिरड्यावर गेलं ते फक्त खरकटं आणि पत्रावळ्या.

गेल्या साली खालच्या वावरात नांगरट चालू होती. तासात पांढरं काही चमकलं म्हणून उचललं, तर ग्लासाची कड. त्याच लग्नातली असणार, तसले ग्लास पुन्हा आम्ही आणलेच नाहीत. लेकीची पोरगी आता कॉलेजात जाते. ग्लास अजून तसाच आहे.