वापरून संपणारा पैसा

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातल्या ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीनं २०१३ साली ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा व्हिडिओ गेम आणला, तेव्हा त्यातून एक गोष्ट मुद्दाम वगळली होती: नाणी. राक्षस मारला की सोन्याच्या मोहरांचा खच पडतो, ही अशा खेळांची जुनी रीत. इथे मोहरांऐवजी पडत ते ऑर्ब, आणि प्रत्येक ऑर्बला नेमून दिलेलं काम. एकानं साध्या तलवारीत जादू येई, दुसऱ्यानं तिचे गुण पुसून नवे लागत, तिसऱ्यानं एखादा गुण वाढे. थोडक्यात, हत्यारं घडवायचा कच्चा माल. खेळाडूंचे आपसातले सगळे सौदेही याच मालात होऊ लागले.

खेळांच्या जगात याचं कौतुक झालं. परभणी जिल्ह्यातल्या पेडगावला त्यात फारसं नवल वाटलं नसतं.

वेड पांघरून जायचं ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं. हे पेडगाव परभणी आणि मानवत रोडच्या दरम्यान, मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं, ज्वारी आणि कापसाच्या काळ्या रानातलं. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी चलन हाली सिक्का, तर इंग्रजी रुपयाला म्हणायचे कलदार. १९५० साली भारतीय रुपया आला तेव्हा सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब बसवला गेला. पुढे हाली छापणं थांबलं, तरी तो कायद्यानं रद्द झाला १९५९ मध्ये. म्हणजे काही वर्षं माणसांच्या खिशात दोन-दोन रुपये होते. गावगाड्याचा बराचसा व्यवहार मात्र या दोन्हींना वळसा घालून ज्वारीवरच चाले.

त्या व्यवहाराचं नाव बलुतं. सुतारानं तिफण-कुळव दुरुस्त करायचे, लोहारानं फाळ पाजवायचा, कुंभारानं मडकी पुरवायची, चांभारानं जोडे शिवायचे. वर्षभर कुणी पैसे मागत नसे. खळ्यावर रास पडली की ज्यानं त्यानं यायचं आणि आपला वाटा पेंढ्यांत किंवा पायलीनं मोजून न्यायचा. त्रिंबक नारायण अत्रे यांनी १९१५ च्या ‘गाव-गाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था बारकाव्यांसकट मांडली आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत. ज्याच्यावाचून शेतीचं अडे त्याचा वाटा मोठा.

ज्वारी चलन म्हणून चालली, कारण ती सगळ्यांनाच लागे. भाव पडला तरी भाकरी तेवढीच व्हायची. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे: ज्वारी खाऊन संपते. लोहाराच्या घरी गेलेली पायली पुढच्या सुगीपर्यंत उरत नसे, त्यामुळे गावात या चलनाचा पूर कधी यायचा नाही. पेवात साठवली तरी तिला ओल आणि कीड होतीच.

या व्यवस्थेचं गुणगान करायचं कारण नाही. काम जातीनं ठरलेलं होतं, ते नाकारायची सोय नव्हती आणि खळ्यावर हात आखडता घ्यायचा की सैल सोडायचा हे राशीच्या मालकाच्या मर्जीवर असे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं ते उगाच नव्हे.

खेळातल्या कच्च्या मालाशी ज्वारीपेक्षाही जवळचं नातं कापसाचं. तो पिकवणाऱ्याच्या घरी जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. सरकी निघून, रुई होऊन, सूत कातलं गेलं की त्याचं काही बनतं. निजामाच्या राज्यात नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता आणि परभणीच्या मेहबूब बाग प्रक्षेत्रावर देशी वाणांवर काम चाले.

कापूसपट्ट्यात वेचणीची मजुरी वजनावर ठरते आणि घरात ढीग पडला की तो गल्लीतलं चलनही होतो. पोरगं ओंजळभर कापूस घेऊन किराणा दुकानात जातं. दुकानदार तो तराजूत टाकतो, बाजारभावापेक्षा थोडा कमी दर धरतो आणि बदल्यात गोळ्या नाहीतर बिस्किटाचा पुडा देतो. हातातल्या कापसाचं त्या पोराला काही करायचं नसतं. पण त्याच्यापुढे दुकानदार आहे, दुकानदारापुढे व्यापारी, व्यापाऱ्यापुढे जिनिंग. साखळीच्या टोकाला खरोखर कापूस पिंजणारा आणि कातणारा कुणीतरी आहे, म्हणून ओंजळीला किंमत आहे.

व्हिडिओ गेमना हे शहाणपण ठेच लागून आलं. ब्लिझार्ड कंपनीचा ‘डायब्लो २’ जून २००० मध्ये आला. त्यात सोनं भरपूर होतं, पण बिनकामाचं. जवळ किती बाळगायचं यावर मर्यादा होती, मेल्यावर त्यातलं काही जाई आणि दुकानात घेण्याजोगं फार काही नसे. खेळाडूंनी मग आपलं चलन आपणच ठरवलं. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची एक दुर्मिळ अंगठी सगळ्यांनाच हवी असे, आकारानं छोटी, ठेवायला सोपी. चिलखताची किंमत अमुक अंगठ्या, अशी भाषा रूढ झाली. मग खेळातल्या त्रुटी वापरून काहींनी या अंगठीच्या नकला काढायचा सपाटा लावला, आणि खोट्या नाण्यांनी बाजाराचं जे होतं तेच इथेही झालं.

तिची जागा घेतली ‘रून’ नावाच्या दगडांनी. २००१ च्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या पुरवणीनं ३३ प्रकारचे रून आणले. ठरावीक रून ठरावीक क्रमानं हत्यारात बसवले की विलक्षण शस्त्र तयार होई. एकदा बसवलेला रून पुन्हा सुटा करून वापरता येत नसे. अंगठी या हातातून त्या हातात फिरतच राहायची, रून मात्र घडणीत खर्ची पडायचा.

नुसता कच्चा माल असून भागत नाही, हे ‘टीम फोर्ट्रेस २’ या गेममध्ये दिसलं. वाल्व्ह कंपनीनं डिसेंबर २००९ मध्ये त्यात हत्यारं वितळवायची सोय केली. दोन हत्यारांचा एक स्क्रॅप, तीन स्क्रॅपचा एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचा एक रिफाइन्ड. म्हणजे १८ हत्यारं मोडली की एक रिफाइन्ड धातू. त्यातून टोप्या बनवता येत, पण धातू टोपीत घालण्यापेक्षा सौद्यात घालणंच लोकांना परवडे. हत्यारं फुकट मिळत राहिली, धातू वाढत गेला, खर्च होण्याची वाट अरुंदच राहिली. पेट्या उघडायची जी किल्ली सुरुवातीच्या काळात दोन-तीन रिफाइन्डला मिळे, तिचा भाव पुढे ५० च्या वर गेला. असे बाजार अभ्यासायला वाल्व्हनं २०१२ मध्ये यानिस वारुफाकिस या अर्थतज्ज्ञाला बोलावलं होतं. तीनच वर्षांनी तो ग्रीसचा अर्थमंत्री झाला.

‘पाथ ऑफ एक्झाइल’ची मांडणी या पार्श्वभूमीवर पाहिली की तिचं मर्म कळतं. तिथे केऑस ऑर्ब वापरला की हत्यारावरचे सगळे गुण बदलतात, चांगले येतील की वाईट हे नशीब, ऑर्ब मात्र गेला. नाद लागलेला खेळाडू एका हत्यारापायी शेकडो ऑर्ब उडवतो. शिवाय दर तीन-चार महिन्यांनी नवी लीग, म्हणजे खेळाची नवी फेरी, सुरू होते आणि तिच्यात सगळे रिकाम्या हातानं उतरतात. हीच तिथली सुगी.

चलनाचं मोल त्याच्या कामावर किती अवलंबून आहे, हे ऑगस्ट २०२२ मध्ये कळलं. तोवर मोठे सौदे एक्झाल्टेड ऑर्बमध्ये होत. त्या महिन्याच्या आवृत्तीत कंपनीनं वरच्या दर्जाच्या घडणीसाठी एक्झाल्टेडऐवजी डिव्हाइन ऑर्ब लागेल असा बदल केला. एक्झाल्टेडचा भाव कोसळला आणि मोठ्या नोटेची जागा डिव्हाइननं घेतली. कुणी नोटबंदी जाहीर केली नव्हती, फक्त कारखान्याला लागणारा माल बदलला होता.

जुलै २०२४ मध्ये या खेळातही अखेर सोनं आलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ मध्ये ते पहिल्या दिवसापासून आहे. पण हे सोनं एका खेळाडूला दुसऱ्याला देता येत नाही. खेळाडूंचा आपसातला बाजार अजूनही ऑर्बवरच चालतो.