तंजावरचे फसली वर्ष

आम्हां केंद्र सरकारच्या कारकुनांचे वर्ष एप्रिलात उजाडते आणि मार्चअखेर मावळते. १८६७ पासून चालत आलेली ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की वर्ष दुसऱ्या कोणत्या दिवशी सुरू होऊ शकते, हे आमच्या ध्यानीमनीही येत नाही. बदली होऊन तंजावरास आलो, तेव्हा मात्र महसुली कागदांवर एक निराळाच आकडा दिसू लागला. १ जुलै २०२४ रोजी तेथे १४३४ वे वर्ष लागले. हे फसली वर्ष होय. त्याचा अर्थ नीट समजून न घेतल्यामुळे माझ्या हातून एक चूक घडली. हा लेख त्या चुकीतूनच जन्मला आहे.

पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या एका मराठी कुटुंबात माझे जाणे-येणे असते. त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनी एके दिवशी जुन्या पेटीतून एक मोडी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. राजवाड्याच्या कोठीतून त्यांच्या पूर्वजास महाराजांच्या हुकुमाने काही कलम भात दिल्याची ती नोंद होती. (बारा मरक्कालांचा एक कलम, हे तेथील धान्याचे माप.) खाली ‘सन १२६२’ एवढेच होते. मला थोडी मोडी येते आणि त्याहून थोडा अधिक अभिमान येतो. मराठी दप्तरातला सन म्हणजे शुहूर सन, असे मनाशी धरून मी त्यात ५९९ मिळवले व १८६१-६२ साल काढले. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. मग त्यानंतर सहा वर्षांनी महाराजांचा हुकूम कोठून आला? कागद मागाहून कोणी तरी केलेला असावा, असे मी बोलून गेलो. त्यांनी काही न बोलता कागद घडी करून पेटीत ठेवला.

पुढे महसूल खात्यातील एका तमिळ स्नेह्यापाशी सहज विषय निघाला. तो हसून म्हणाला, “अहो, हा तर फसली. ५९० मिळवा.” मिळवले, तो १८५२-५३! महाराज तेव्हा गादीवर होते. कागद खरा ठरण्यास जी अडचण मला दिसली होती, ती कागदात नव्हती, माझ्या बेरजेत होती.

या नऊ वर्षांच्या फरकाचे मूळ मोठे मनोरंजक आहे. हिजरी वर्ष चांद्र; ते सुमारे ३५४ दिवसांचे. सौर वर्षाहून ते अकरा दिवसांनी तोकडे, म्हणून बत्तीस सौर वर्षांत तेहतीस हिजरी वर्षे होतात. पीक मात्र चंद्राकडे पाहून पिकत नाही. हिजरी सालाने सारा मागितला, तर शंभर वर्षांत रयतेच्या माथी तीन वर्षांचा सारा अधिक बसावयाचा. यावर उपाय असा झाला, की हिजरीचा चालू आकडा घ्यावयाचा आणि तेथून पुढे वर्ष सौरमानाने मोजावयाचे. ‘फसल’ म्हणजे पीक, त्यावरून ‘फसली’.

हा आकडा ज्या वर्षी उचलला, त्यावर पुढचे सारे गणित अवलंबून राहिले. शुहूर सनाचे मूळ १३४४ मध्ये पडते. तेव्हा हिजरी ७४५ चालू होते. उत्तरेकडील फसली अकबराच्या राज्यारोहणाच्या १५५६ सालास, म्हणजे हिजरी ९६३ स, जोडला आहे. दक्षिणेचा फसली शहाजहानच्या अमलातील १६३६ सालापासून धरतात. तेव्हा हिजरी १०४६ होते. १३४४ पासून १६३६ पर्यंत सौर वर्षे २९२, पण हिजरी वर्षे ३०१ गेली. माझ्या चुकीची नऊ वर्षे ती हीच. शिवाय शुहूर सन दप्तरात अरबी संख्याशब्दांनी लिहिण्याचा प्रघात होता. १२६२ असते तर ‘इसन्ने सितैन मयातैन व अलफ’ असे यावयास हवे होते. नुसते अंक पाहूनच मी सावध व्हावयास हवे होते.

आरंभाच्या दिवसाची कथाही अशीच. महाराष्ट्रात फसली व शुहूर ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्रावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, लागत. म्हणून शुहूर सनास ‘मृगसाल’ हे गोड नाव मिळाले. मद्रास इलाख्यात मात्र फसली आडी महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे जुलैच्या मध्यास, सुरू होई. आपला शेतकरी आभाळाकडे पाहतो, तंजावरचा कावेरीकडे. कोडगूच्या डोंगरात पडलेला पाऊस नदीने येथवर पोहोचावा लागतो आणि आडीत ती दुथडी भरून वाहते. वर्षाचे दार पाणी दारी येण्याच्या सुमारास उघडे. १८५५ मध्ये कारभाराच्या सोयीसाठी हा आरंभ १ जुलैवर आणला गेला. अशा रीतीने नव्या तारखेने लागलेल्या पहिल्या फसलीतच, १२६५ मध्ये, तंजावरची मराठी गादी संपली.

गादी गेली, फसली राहिला. तमिळनाडूत आजही पीकपाहणीचे ‘अडंगल’ फसली सालानेच लिहिले जाते आणि वर्ष सरत आले, की तालुक्या-तालुक्यांत जमाबंदी भरते. हे गणित सुबोध करणाऱ्यांत आपले शंकर बाळकृष्ण दीक्षित अग्रणी होते. रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय पंचांगांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आधी उघडला असता, तर एका वृद्धाचे मन दुखावले नसते.

मी पुन्हा त्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि हिशेब मांडून दाखविला. त्यांनी तो दोनदा करून पाहिला. मग कागद माझ्या हाती देऊन, मागच्या बाजूस पेन्सिलीने साल लिहावयास सांगितले. मी लिहिले : फसली १२६२, इसवी सन १८५२-५३.