दंडाच्या स्नायूचा ताण

दंडाच्या स्नायूचा ताण ही खांदा आणि कोपर यांमधील स्नायूंचे तंतू क्षमतेपलीकडे खेचले गेल्याने होणारी दुखापत आहे. बोलीभाषेत 'हात मुरगळला' असे सरसकट म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात मात्र मुरगळणे म्हणजे सांध्याच्या अस्थिबंधांची इजा, तर ताण ही स्नायूची किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेची इजा होय.

कारणे

दंडाच्या पुढील बाजूस द्विशिरस्क (बायसेप्स) व मागील बाजूस त्रिशिरस्क (ट्रायसेप्स) स्नायू असतो. द्विशिरस्क कोपर वाकवतो आणि तळहात वरच्या दिशेने फिरवतो. स्क्रू आवळताना हेच दुसरे काम घडते. ओझे उचलण्यापेक्षाही ते खाली ठेवताना किंवा निसटता भार एकदम सावरताना धोका अधिक असतो, कारण आकुंचन पावणारा स्नायू त्याच वेळी लांबवला जातो. छत्रपती संभाजीनगरात जाधववाडीच्या बाजार समितीतील हमाल, वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत जड सुटे भाग हाताळणारे कामगार आणि व्यायामशाळेत जाणारे तरुण यांच्या हालचाली नेमक्या अशाच असतात.

लक्षणे

सौम्य ताणात थोडेच तंतू फाटतात. हात दुखतो, पण बळ टिकते. मध्यम ताणात सूज, काळेनिळेपणा व अशक्तपणा येतो. स्नायू किंवा कंडरा पूर्ण तुटल्यास 'खट्' असा आवाज जाणवतो आणि दंडावर गोळा उमटतो. कोपराजवळची कंडरा तुटल्यास हा गोळा खांद्याच्या दिशेने सरकलेला दिसतो. ही इजा प्रामुख्याने मध्यमवयीन पुरुषांत आढळते व धूम्रपानाने तिचा धोका वाढतो. वेदना दोन-चार दिवसांत ओसरत असल्याने रुग्ण घरीच थांबतो, आणि नुकसान इथेच होते: शस्त्रक्रिया करायची असल्यास ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी असते, पुढे कंडरा आखडते.

डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असल्यास तो स्नायूचा ताण न समजता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नव्याने अतिव्यायाम केल्यानंतर लघवी काळपट चहासारखी झाल्यास स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडांवर भार टाकत असण्याची शक्यता असते. अशा वेळीही लगेच रुग्णालय गाठावे.

उपचार

पहिले दोन-तीन दिवस वेदना वाढवणारे काम थांबवून, कापडात गुंडाळलेला बर्फ १०–१५ मिनिटे दिवसातून काही वेळा लावतात. तेल लावून जोरात चोळणे व गरम शेक हे घरोघरचे उपाय या काळात टाळावेत. त्यांनी रक्तस्राव व सूज वाढते. मात्र हात आठवडेच्या आठवडे झोळीत बांधून ठेवणेही हितकारक नाही. वेदना सोसवेल इतपत कोपर हलवणे, मग हालचालीविना स्नायू आवळणे, त्यानंतर हलके वजन असा क्रम ठेवतात. सौम्य ताण साधारण दोन-तीन आठवड्यांत, तर मध्यम ताण एक-दोन महिन्यांत भरून येतो.

हातात बळ न राहणे, गोळा दिसणे, बोटे बधिर होणे किंवा हाडावर दाबल्यास तीव्र दुखणे यांपैकी काहीही असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक ठरते. शहरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'घाटी'त, अस्थिरोग विभाग आहे. रोजंदारीवरील कामगाराला विश्रांती परवडत नाही, ही यातील खरी अडचण. निदान काही आठवडे दोघांनी मिळून पोते उचलणे आणि भार शरीराजवळ धरणे, एवढे तरी त्याला करता येते.