वेष्टन व अडथळा दर्शविणारी लॅटिन क्रियापदे

गुंडाळणे, गुंतविणे आणि अडविणे हे तीन अर्थ लॅटिन भाषेत परस्परांच्या फार जवळ आलेले दिसतात. ‘इन्वोल्वेरे’ म्हणजे गुंडाळणे, ‘इंप्लिकारे’ म्हणजे घड्यांत वा वेढ्यांत गुंतविणे, ‘इर्रेतीरे’ म्हणजे जाळ्यात (रेते) पकडणे, ‘इल्लाक्वेआरे’ म्हणजे फासात (लाक्वेउस) अडकविणे आणि ‘इंपेदीरे’ म्हणजे पाय बांधून चाल रोखणे. यांपैकी बहुतेक क्रियापदे मुळात वस्त्र, दोर, जाळे अशा हाताळण्याच्या वस्तूंवरून निघाली व पुढे मन, वाणी आणि राज्यकारभार यांना लागू झाली. मराठीतही हीच वाट आढळते. संस्कृत ‘वेष्ट्’ धातूपासून आलेले ‘वेढणे’ वस्त्राला लागते आणि त्याच कुळातील ‘वेढा’ किल्ल्याला पडतो.

‘इन्वोल्वेरे’ हे ‘वोल्वेरे’ (वळणे, गुंडाळणे) या क्रियापदापासून साधले आहे. रोमन ग्रंथ पपायरसच्या पट्ट्यांवर लिहून गुंडाळून ठेवीत, म्हणून ग्रंथाला ‘वोलूमेन’ म्हणत. ग्रंथ वाचणे म्हणजे तो उलगडणे, आणि ‘एक्स्प्लिकारे’ (घडी मोडणे) या क्रियापदाला अर्थ विशद करणे हा अर्थही त्यातूनच आला. परळी वैजनाथपासून थोड्याच अंतरावरील अंबाजोगाई येथे दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या या वस्त्रावर त्यांनी पंचीकरणाचा विषय पद्यात व आकृत्यांसह लिहिला. पांघरण्याच्या वस्त्राचे नाव मिळालेला हा ग्रंथ अक्षरशः उलगडूनच वाचावा लागतो.

‘इंपेदीरे’चा इतिहास अधिक उद्‌बोधक आहे. त्यात ‘पेस’ (पाऊल, प्रकृती ‘पेद्’) हा शब्द असून ‘पेदिका’ म्हणजे पायातील बेडी किंवा फास हा त्याचाच आप्त होय. लॅटिन ‘पेद्’, संस्कृत ‘पाद’ आणि फार्सी ‘पा’ ही एकाच इंडो-यूरोपीय शब्दाची रूपे आहेत. मराठीने फार्सीतून घेतलेला ‘पायबंद’ हा शब्द घोड्याचे पाय बांधण्याच्या दोरीचा. ‘पायबंद घालणे’ म्हणजे आवर घालणे. रोमन आणि मराठी घोडेस्वारांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, परंतु तबेल्यातील अनुभवाने दोघांनाही एकच रूपक सुचविले. पाय सोडविणे ते ‘एक्स्पेदीरे’. युरोपीय भाषांत मोहिमेला ‘एक्स्पिडिशन’ म्हणतात, ते याच क्रियापदावरून.

रोमन लष्करात सैन्याच्या सामानसुमानाला ‘इंपेदिमेंता’, म्हणजे शब्दशः ‘पायबंद’, म्हणत आणि ओझ्यावाचून झपाट्याने चालणाऱ्या शिपायांना ‘एक्स्पेदीती’. मराठी लष्करी परिभाषेत याच जोडीला ‘बुणगे’ व ‘सडी फौज’ अशी नावे होती. बुणग्यांत सामानाबरोबर बिनलढाऊ माणसेही येत. इ. स. पू. ५७ मध्ये साबिस नदीकाठी नर्व्ही लोकांचा बेत असा होता, की पहिले लीजन तळावर येताच, सामानामुळे मागची लीजने दूर असताना, हल्ला करावा. सीझरने मात्र सहा लीजने सडी करून पुढे काढली व सर्व सामान त्यांच्या मागे ठेविले. लढाई तरीही अटीतटीची झाली. पण शत्रूचा मूळ हिशेब चुकला.

मराठ्यांच्या इतिहासात हाच प्रश्न परळीच्या परिसरातून सुरू होतो. परळीच्या आग्नेयेस उदगीर, दक्षिणेस औसा आणि पश्चिमेस धारूर आहे. १७६० च्या प्रारंभी सलाबतजंग व निजामअली हे उदगीरहून कुमकेच्या आशेने धारूरकडे निघाले. तोफा व सामान सांभाळीत चालणाऱ्या या फौजेला सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने वाटेत घेरले, आणि ३ फेब्रुवारीच्या लढाईनंतर निजामाला सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडावा लागला. येथे पायबंद शत्रूच्या पायांत होता.

मार्चमध्ये परतूरहून उत्तरेस निघालेल्या भाऊंच्या सैन्याबरोबर मात्र इब्राहीमखान गारद्याच्या जड तोफा, कुटुंबे आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव होता. बायकामुले व जड सामान मागे सुरक्षित ठेवून सड्या फौजेने गनिमी लढाई करावी, हा सुरजमल जाटाचा सल्ला मानला गेला नाही. पानिपत येथे सुमारे अडीच महिने सैन्य खंदकाआड अडकून पडले. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेल्यावर रसदेची आशा क्षीण झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले ते उपासमारीने हतबल होऊन, आणि बुणग्यांना सोबत घेऊनच. तोफखान्याच्या आश्रयाने एकवटून चालण्याची पद्धत घोडदळाच्या मुक्त हालचालींशी जुळली नाही. पराभवाची कारणे अनेक आहेत व त्यांवर इतिहासकारांत मतभेदही आहेत. तथापि अकरा महिन्यांपूर्वी औशाजवळ ज्या दोषाचा भाऊंनी फायदा घेतला, त्याच दोषाने त्यांच्या सैन्याची चाल बांधली गेली, हे नाकारता येत नाही. बुणग्यांतील हजारो माणसे लढाईनंतर मारली किंवा गुलाम म्हणून नेली गेली.